वजन कमी करण्यासाठी वैद्यकीय मदत: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत आणि फोनवर लोक पुन्हापुन्हा जे विचारतात त्याची ही उत्तरे आहेत. औषधाचा डोस ठरवणे किंवा बदलणे हे मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचेच काम.

कमी खाल्लं, जास्त चाललं की वजन उतरतं. मग डॉक्टर कशाला?

पहिले चार-पाच किलो बऱ्याच जणांचे असे उतरतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वजन घटले की चरबीतून येणारे लेप्टिन कमी होते, भूक जागवणारे घ्रेलिन वाढते आणि शरीर तेवढ्याच कामाला कमी ऊर्जा खर्च करू लागते. हे बदल वर्षभरानंतरही टिकून राहतात, असे मोजून पाहिलेले आहे. त्यामुळे उतरलेले वजन परत चढते तेव्हा घरचे लोक "मनावर ताबा नाही" म्हणतात, आणि माणूस स्वतःलाही तेच सुनावतो. रक्तदाब वाढला तर आपण कुणाची लाज काढत नाही, गोळी चालू करतो आणि मीठ कमी करतो. लठ्ठपणाकडेही तसेच पाहायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

माझा बीएमआय २४ आहे. मी लठ्ठ कुठे आहे?

बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो असेल तर ६५ भागिले २.७२, म्हणजे जवळपास २४. युरोपीय मोजपट्टीने हे ठीक. भारतीयांसाठी मात्र २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीला ही २५ ची रेघ ६८ किलोवर येते.

हा फरक का, याचे सगळ्यात बोलके उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण आहे. म्हणून आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह गाठतो, आणि म्हणूनच बीएमआयच्या जोडीला कंबर मोजावी लागते.

कंबर पँटच्या नंबरावरून कळते ना?

नाही. पोट सुटल्यावर पँट पोटाखाली सरकते, त्यामुळे ३४ चा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

सकाळी लघवी करून, कपडा वर घेऊन सरळ उभे राहा. बाजूने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्यावरून शिंप्याकडची टेप जमिनीला समांतर फिरवा. टेप टेकली पाहिजे, रुतता कामा नये. नेहमीसारखा श्वास सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेले माप फुकट जाते. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पोटावरची चरबी धोक्याच्या पातळीवर आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, ही आणखी एक सोपी खूण.

पहिल्यांदा कुणाकडे जायचं? सोबत काय न्यायचं?

तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा. मधुमेह, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा विकार) किंवा संप्रेरकांचा काही संशय असेल तर ते एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे) पाठवतील. खासगी खर्च झेपत नसेल तर ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयातल्या मेडिसिन ओपीडीत सकाळी लवकर जा.

सोबत नेण्याच्या गोष्टी: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे (नुसती नावे पुरत नाहीत), आयुर्वेदिक आणि जिममधले डबेसुद्धा. लग्नाच्या वेळचे, बाळंतपणानंतरचे, नोकरी बदलल्यानंतरचे अंदाजे वजन. चार दिवस खाल्ले-प्यालेले सगळे लिहिलेला कागद, त्यात एक रविवार असलाच पाहिजे. आणि शक्यतो जोडीदार, कारण तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे तुम्हाला माहीत नसते.

तपासणीत रक्तदाब मोजताना दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. नेहमीच्या छोट्या पट्ट्याने रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. रक्तात साधारणपणे उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी, यकृताची एन्झाइम्स, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) पाहतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. यकृताची एन्झाइम्स वाढलेली असतील तर पोटाची सोनोग्राफी. दिवसा गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर झोपेची तपासणी पुढे ढकलू नका.

थायरॉइडमुळेच वाढलं असेल का?

थायरॉइड कमी असल्याने वाढणारे वजन बहुधा काही किलोंचेच असते, आणि त्यातलाही बराच भाग साठलेल्या पाण्या-मिठाचा असतो. टीएसएच आटोक्यात आल्यावरही २० किलो जास्त राहिले तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल. थायरॉइड नॉर्मल असताना वजनासाठी थायरॉक्सिन घेणे घातक आहे. हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे ठिसूळ होतात. ज्यांना गोळी खरोखर लागते त्यांनी ती उपाशीपोटी घ्यावी आणि चहा किमान अर्ध्या तासाने प्यावा.

चालू असलेल्या औषधांनी वजन वाढू शकतं?

हो, आणि हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. स्टिरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, ओलान्झापीन, मिर्टाझापीन, व्हॅल्प्रोएट या सगळ्यांनी वजन वाढते. काहींना पर्याय आहेत. पण मनाने एकही गोळी बंद करू नका. फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी अचानक थांबवण्याचे परिणाम वजनापेक्षा कितीतरी वाईट असतात. गुडघ्यासाठी किंवा दम्यासाठी नाव नसलेली पुडी घेत असाल तर ती डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत स्टिरॉइड निघते.

किती किलो कमी झाले की फायदा होतो?

वजन ९० किलो असेल तर पाच टक्के म्हणजे साडेचार किलो. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब उतरायला लागतो. यकृतावरची चरबी आणि सूज हटायला ७ ते १० टक्के लागतात. नवा मधुमेह औषधाविना आटोक्यात आणायचा असेल तर १५ किलोच्या आसपास. गुडघ्याचे गणित वेगळेच आहे: एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग बरा. त्याहून वेगाने उतरवले तर स्नायू झिजतात आणि पित्ताशयात खडे होतात.

भात आणि पोळी बंद करायची का?

नाही. ताटातला सगळ्यात मोठा घोळ तेलाचा आणि प्रथिनांचा असतो, भात बिचारा उगाच बदनाम होतो.

आधी तेल. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल पोटात जाते, म्हणजे नुसत्या तेलाच्या ३४० च्या आसपास कॅलरी. चौघांना महिन्याला दोन लिटर हे लक्ष्य ठेवा. मोजायची पद्धत एकच चालते: एक तारखेला दोन लिटर वेगळ्या बरणीत काढायचे आणि फोडणी, तळण, पोळीला लावायचे तेल सगळे त्यातूनच घ्यायचे. बुधलीतून अंदाजाने ओतले की फोडणीत एकाच्या जागी तीन चमचे पडतात, आणि चहाच्या एका चमच्यात ४० ते ४५ कॅलरी असतात. वीस तारखेला बरणी रिकामी दिसली की स्वयंपाकघरात काय चालले आहे ते घरातल्या सगळ्यांना एकदम कळते.

मग प्रथिने. उंचीच्या मानाने वजन ६० किलो असायला हवे अशा माणसाला रोज ६० ग्रॅम तरी प्रथिने हवीत. शाकाहारी घरात ती अशी बसवता येतात: सकाळी ५० ग्रॅम कोरड्या मुगाचे धिरडे (१२ ग्रॅम). दुपारी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९), ज्वारीच्या दोन भाकऱ्या (८), वाटीभर दही (साडेतीन). संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे (६). रात्री ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण (७) आणि ५० ग्रॅम पनीर (९). दिवसभरात कपभर दूध (६). अंडी खाणाऱ्यांना हे सोपे जाते, एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. आमटी पातळ केली की डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि ताटात नुसते पाणी येते, म्हणून वरण घट्ट.

उपवासाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास कॅलरी आणि प्रथिने जवळपास शून्य. वर तूप, बटाटा आणि दाण्याचे कूट. सोमवार, गुरुवार असे आठवड्यातले दोन दिवस खिचडीवर काढणाऱ्याचे वजन उपवास करूनही वाढू शकते. भगर, ताक, राजगिरा, फळ आणि भाजलेले रताळे हा उपवास बरा. मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असतील तर उपवासाआधी डोस विचारून घ्या.

चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप म्हणजे १६० कॅलरी. आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर जिभेला फारसे जाणवत नाही.

रोज टेकडी चढते, तरी वजन उतरत नाही.

चालण्याने वजन थोडेच उतरते. उतरलेले टिकवायला मात्र ते फार उपयोगी पडते. आठवड्याला किमान १५० मिनिटे, शक्य तर ३००, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणे. १० च्या तीन फेऱ्या. वजन १०० च्या पुढे आणि गुडघा दुखत असेल तर तळजाई किंवा हनुमान टेकडीचा उतार टाळा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो. सपाट मैदान, स्थिर सायकल किंवा पोहण्याचा तलाव निवडा. टेकडीवरून उतरून वाटेत वडापाव झाला तर तासाभराची मेहनत तिथेच भरून निघते.

ती आठवड्याची इंजेक्शनं नक्की काय आहेत?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड. आतड्यातून जेवणानंतर स्रवणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे ती काम करतात, टिर्झेपेटाइड जोडीला जीआयपी या आतड्यातल्याच दुसऱ्या संप्रेरकासारखेही. जठर हळू रिकामे होते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर पोचतो. खाण्याचा सततचा विचार थांबतो, आणि अनेकांना हाच सगळ्यात मोठा दिलासा वाटतो. टिर्झेपेटाइड 'मौंजारो' नावाने मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' नावाने जून २०२५ मध्ये भारतात आले. साधारणपणे बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि जोडीला मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार असेल तर ती देतात.

मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपेटाइड १५ मिलिग्रॅमवर ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्के वजन उतरले. ही सरासरी आहे. काहींचे पाच टक्केही उतरत नाही, त्यात त्यांचा काही दोष नसतो.

डोस पायरीपायरीने वाढतो. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, १, १.७ आणि २.४. टिर्झेपेटाइड २.५ पासून अडीच-अडीचने कमाल १५ पर्यंत. प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. पहिला डोस शरीराला सवय लावण्यापुरता असतो, त्या महिन्यात वजन हलले नाही म्हणून घाईने डोस वाढवला की उलट्यांनी बेजार व्हायची पाळी येते. खालच्या डोसवर वजन उतरत असेल तर वर जायची गरजही नसते.

इंजेक्शन घरी कसं घ्यायचं?

आठवड्याचा वार ठरवा. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून किंवा मांडीवर, दर वेळी जागा बदलून. प्रत्येक वेळी सुई नवी. पेन काटकोनात टेकवून बटण दाबा, आकडा शून्यावर आला तरी सुई लगेच काढू नका. मनात सावकाश सहापर्यंत मोजा, मगच बाहेर काढा. घाई केली की औषधाचा थेंब कातडीवर राहतो आणि डोस अपुरा पडतो.

औषध फ्रिजमध्ये दारात किंवा मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठले तर टाकून द्या, वितळले तरी वापरू नका. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मेडिकलमधून आणताना थंड पिशवी न्या, आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून बाकीची कामे करत फिरू नका. डोस विसरला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपेटाइड चार दिवसांच्या आत आठवले तर घ्या, नाहीतर सोडून पुढच्या ठरल्या वारी. दुप्पट कधीच नाही. तीन-चार आठवडे खंड पडला असेल तर मागच्याच डोसवर सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.

मळमळ फार होते. काय करू?

निम्मे ताट वाढून घ्या, सावकाश जेवा आणि पहिली ढेकर आली की थांबा. तळलेले आणि तर्रीदार पदार्थ डोस वाढवल्याच्या आठवड्यात टाळा. मिसळ खाऊन रात्रभर उलट्या, ही तक्रार नेहमीची आहे. जेवून लगेच आडवे होऊ नका. बद्धकोष्ठतेला दोन ते अडीच लिटर पाणी, भाजी आणि गरज पडली तर इसबगोल.

थांबून चालणार नाही अशी लक्षणे: पोटात वरच्या भागात कळ येऊन पाठीकडे जाणे आणि न थांबणे (स्वादुपिंडाची सूज), उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ (पित्ताशय), पाणीही न टिकणे आणि लघवी कमी होणे. पुढचे इंजेक्शन न घेता त्याच दिवशी रुग्णालयात जा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड सोबत असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचा डोस आधीच कमी करून घ्यावा लागतो. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे जरूर सांगा, कारण उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेले असू शकते.

कुणी घेऊ नये?

स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झालेला असेल त्यांनी, आणि गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर डॉक्टर सहसा ही टाळतात. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि प्रत्येक वाढीव डोसनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, निरोध वापरा. पीसीओडीत वजन उतरले की पाळी आणि बीजनिर्मिती परत सुरू होते, आणि नको असताना दिवस जातात.

बंद केलं की परत वाढतं का?

बहुतेकांचे वाढते. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचे चाचणीत दिसले. म्हणून सुरू करण्याआधीच महिन्याचा खर्च किती काळ झेपेल याचा हिशेब घरात बसून करा. लग्नाआधी तीन महिने घेऊन सोडायचे हा बेत आम्हाला मान्य नाही. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि परत येते ती मुख्यतः चरबी.

ऑर्लिस्टॅटची गोळी चालते का?

थोडी. १२० मिलिग्रॅम, जेवणाबरोबर दिवसातून तीनदा. खाल्लेल्या तेला-तुपाचा सुमारे तिसरा भाग पचत नाही आणि शौचावाटे जातो. जेवण तेलकट असेल तर कपडे खराब होतात. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वेही कमी शोषली जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना. सिब्युट्रामीन या जुन्या गोळीवर भारतात २०११ पासून बंदी आहे, कुणी देऊ केली तर घेऊ नका.

ऑपरेशन कधी करावं लागतं?

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय ३५ च्या पुढे कुणालाही, आणि आशियाई लोकांत २७.५ पासून विचार करता येतो. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्याएवढी नळी ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून आतड्याचा वरचा भाग वगळतात. छातीत आम्लाची जळजळ फार असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, तिथे बायपास बरा. दोन्ही दुर्बिणीतून होतात.

ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात, त्याने यकृत आकसते आणि सर्जनला जागा मिळते. सिगारेट-तंबाखू आधीच बंद. नंतर दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे मऊ घोटलेले, मग हळूहळू घन. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने घोटघोट. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि बी-१२, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व हे आयुष्यभर. वर्षभराने "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या सोडणे, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. काही वर्षांत हातापायाला मुंग्या येतात आणि हिमोग्लोबिन घसरते. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके घेऊ नका, अल्सर होतो. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळा.

पहिल्या काही दिवसांत नाडी १२० च्या वर, ताप किंवा वाढते दुखणे म्हणजे टाक्यांतून गळतीची शंका. उलट्या चालूच राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपून मेंदूला इजा होते, त्यामुळे आठवडाभर वाट पाहत बसू नका.

ऑपरेशनला विमा मिळतो का?

विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमात अटी आहेत: वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय किमान ४०, किंवा ३५ आणि जोडीला हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह, आणि आधी इतर उपाय करून ते फसलेले असणे. इथेच अडते. डॉक्टर ३२ बीएमआयला पात्र म्हणतात आणि कंपनी नाकारते. म्हणून आहारतज्ज्ञांच्या भेटी, औषधे आणि वजनाच्या तारीखवार नोंदी पहिल्या दिवसापासून फाइलला लावा, पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तपासा आणि ऑपरेशनआधी लेखी मंजुरी घ्या.

मुलगा १२ वर्षांचा आहे, वजन ६० किलो.

मुलांना मोठ्यांचा बीएमआय लावू नका. भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांवर वय आणि लिंगानुसार पाहतात. त्यात मोठ्यांच्या २३ आणि २७ ला जुळणाऱ्या रेषा आहेत. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, ते रक्तदाब आणि साखरही पाहतील. एकट्या मुलाला डाएटवर बसवू नका. घरात येणारे फरसाण आणि जेवताना चालू असलेला मोबाइल सगळ्यांसाठीच बंद करा.

सोसायटीत कुणीतरी शेक विकतं. घ्यावा?

डब्यावर घटक आणि त्यांचे प्रमाण स्पष्ट लिहिलेले नसेल तर नाही. 'चरबी वितळवणाऱ्या' चहात बऱ्याचदा सोनामुखीसारखे जुलाबाचे औषध असते. त्याने पाणी जाते, चरबी जात नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. साध्या प्रथिनांच्या पावडरीला हरकत नाही, पण ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम प्रथिने कितीतरी स्वस्तात मिळतात.

तीन आठवडे काटा हललेला नाही.

आधी कंबर मोजा. ताकदीचा व्यायाम नव्याने सुरू केला असेल तर काटा स्थिर राहून कंबर कमी होते. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी शौचानंतर आणि चहाआधी करा. पाळीच्या आठवड्यातला आकडा धरू नका. मग चार दिवस पुन्हा लिहून खा, तेलाची बरणी पाहा, झोप सहा तासांच्या खाली गेली आहे का बघा. सहा आठवडे कंबर आणि काटा दोन्ही जागचे हलले नाहीत तर तो लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांची पुढची भेट अलीकडे घ्या.